गावच्या जिल्हा परिषद शाळेचा निकाल कमी आहे. मुलीला आठवीपर्यंत तिथंच ठेवावं की तालुक्याला घालावं?

तुमचा पूर्ण प्रश्न असा आहे: गावची शाळा आठवीपर्यंत, सहावी ते आठवी मिळून तीसेक मुलं, निकाल कमी लागतो असं ऐकलंय, चांगल्या घरची मुलं तालुक्याला जातात, तर यंदा सहावीत जाणाऱ्या मुलीचं काय करावं?

निकाल कमी म्हणजे किती लेकरांपैकी किती, हे शाळेत जाऊन विचारलंत का? बहुतेक नसेल विचारलं. कुणीच विचारत नाही. मी जिल्हा परिषदेत गणित-विज्ञानाची पदवीधर शिक्षिका होते. २०१२ ते २०२१ अशी नऊ वर्षं बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या अगदी तुम्ही म्हणता तशा शाळेवर काढली. म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आधी ते 'चांगल्या घरची' तेवढं बाजूला ठेवा. आमच्याकडं कोण होतं ते सांगते. २०१७-१८ ला सहावी ते आठवी मिळून पट ३४. त्यातली १३ तांड्यावरची बंजारा लेकरं, घरी गोरमाटी बोलणारी. गावातली मराठा ९, वंजारी ५, बौद्ध आणि मातंग मिळून ५, धनगरवस्तीवरचा एक मुलगा आणि पंक्चरवाल्या चाचांची एक मुलगी. ३४ पैकी २० मुली. एवढ्या मुली का, तर पाच-सहा घरं अशी होती की मुलगा पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायचा आणि त्याचीच बहीण आमच्याकडं यायची. घर एकच. मग त्यातलं चांगल्या घरचं कोणतं लेकरू धरायचं, ते तुम्हीच सांगा.

३४ पैकी १९ जणांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची गाडी येऊन लागायची आणि दिवाळीपर्यंत तांडा रिकामा. म्हातारी माणसं, शेरडं आणि जी लेकरं आम्ही रोखून धरली ती, एवढंच मागं राहायचं. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून दोन वेळचं जेवण शाळेत मिळायचं, रात्री आजीकडं झोपायचं. त्यावर त्या वर्षी ११ जण थांबले, आठ जण गेलेच. मुली जास्त जातात, कारण फडात धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी लागतं. बारा-तेरा वर्षांची मुलगी त्या कामाला अगदी बरोबर वयाची असते.

आता निकालाचं सांगते, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

ते दिवस 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चे. २०१५ च्या शासन निर्णयानंतर प्रत्येक शाळा प्रगत झालीच पाहिजे असा धोशा होता. चाचण्या, माहिती भरणं, पुन्हा चाचण्या. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या आठवीत सात लेकरं होती आणि त्यातल्या सहांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता यायचं. म्हणजे ८६ टक्के. शिक्षण परिषदेत माझा सत्कार झाला, शाल-नारळ, टाळ्या, फोटो. पुढच्या एप्रिलला आठवीत अकरा लेकरं आणि भागाकार आला पाच जणांना. ४५ टक्के. त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांपुढं एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मला उभं केलं. पडद्यावर शाळांची यादी होती, चांगल्या शाळा हिरव्या रंगात, आमची तांबड्या. सत्तर-ऐंशी शिक्षक बसलेले. साहेब म्हणाले, "एका वर्षात ४१ टक्क्यांनी घसरण. वर्षभर काय केलंत?"

मी म्हणाले, "साहेब, अकरा लेकरं आहेत. कुणाला येत नाही आणि का येत नाही, ते नावानिशी सांगते."

ते म्हणाले, "नावं नकोत. टक्केवारीवर बोला."

मी बसले नाही, पण बोललेही नाही. उभीच राहिले. पुढच्या शाळेचं नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या मॅडमनी हात धरून खाली बसवलं. इतकी वर्षं झाली, तरी जे बोलायचं राहिलं ते मनातून जात नाही. आज तुम्ही विचारलंत म्हणून इथं लिहिते.

अकरा लेकरांच्या वर्गात एक लेकरू म्हणजे नऊ टक्के. सातांच्या वर्गात एक म्हणजे चौदा. एखाद्याला परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी शाळा हिरव्यातून पिवळ्यात जाते. हे गणित सहावीच्या लेकराला कळतं.

दुसरी गोष्ट ऊसाची. २०१५ च्या दुष्काळामुळं २०१६-१७ च्या हंगामात राज्यात ऊसच नव्हता. साखर ४२ लाख टनांच्या आसपास झाली, आमची माणसं ज्या कारखान्यांवर होती ते लवकर बंद झाले आणि माणसं शिमग्याच्या आत गावात आली. लेकरांना मार्च-एप्रिल पूर्ण मिळाला. तेच माझे ८६ टक्के. पुढच्या हंगामाला ऊस उदंड. १०७ लाख टन साखर झाली राज्यात, एप्रिल उजाडला तरी धुराडी चालूच. माझी तीन लेकरं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात परत आली, हाताला भेगा, अंगावर पाचटाचे ओरखडे. साहेबांनी घसरण माझ्या शिकवण्यात शोधली. दोन्ही वर्षी शिकवणारी मीच होते, फळा तोच होता आणि काड्यांचे गठ्ठेही तेच.

आता भागाकार न आलेले ते सहा जण. नावं इथंही लिहीत नाही, लेकरं मोठी झालीत.

पहिले तिघं हे फडावरून आलेले. कागदावरचा भागाकार यांना येत नव्हता. पण त्यातल्या एकाला मी सहज विचारलं, टनाला २३० रुपये धरले तर साडेतीन टनाचे किती? त्यानं पेन्सिल न उचलता ८०५ सांगितलं आणि वर विचारलं, "मुकादमाचं कमिशन वेगळं का त्यातच?" वडलांनी घेतलेली उचल फिटायला किती टन अजून तोडायचा, हे त्याला तोंडपाठ होतं. चाचणीच्या कागदावर त्याच्यापुढं फुली.

चौथी मुलगी आठवीत नव्यानं आमच्याकडं आली. तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत सातवीपर्यंत होती, फी थकली म्हणून घरच्यांनी काढली. त्या शाळेनं दाखला अडवला, आम्ही दाखल्याशिवाय घेतली. शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही. हिला आकडेमोड येत होती, पण मराठी संख्या ऐकली की घोटाळा. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, एकोणऐंशी म्हणजे ७९ की ८९. शाब्दिक उदाहरण मराठीतून वाचता वाचता ती रडायला लागायची. सात वर्षं फी भरून हे लेकरू आमच्याकडं आलं आणि तिचा निकाल लागला तो आमच्या नावावर.

पाचवा मुलगा बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्र असलेला. विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा येत. तो तीन वर्षांत स्वतःचं नाव लिहायला आणि वीस रुपयांतले सुटे मोजून आणायला शिकला. त्याची आई मला त्यासाठी दिवाळीला करंज्या घेऊन आली होती. चाचणीत फुली.

आणि सहावा. सहाव्याबद्दल मला साहेबांपुढं मान खाली घालून बोलावं लागलं असतं, आणि मी बोलले असते. हा मुलगा गावातला, घर शाळेच्या भिंतीला लागून. तीन वर्षांत एक दिवस गैरहजर नाही. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवायचा. माझं लक्ष सगळं येणाऱ्या-जाणाऱ्या लेकरांवर, तांड्यावर फेऱ्या मारण्यात, आणि हा समोर बसून हरवलेला होता. त्या एप्रिलला पेपर तपासताना दिसलं की त्यानं ६१२ भागिले ६ याचं उत्तर १२ लिहिलंय. वही काढून बघितली. जिथं जिथं भागाकारात मधे शून्य येतं तिथं तिथं त्यानं ते गाळलं होतं. सहावीपासून. वहीवर माझीच बरोबरची खूण, कारण फळ्यावरून उतरवलेली उदाहरणं बरोबर असायची आणि स्वतः सोडवलेली मी चाळून पुढं जायचे.

परीक्षा संपली होती, उन्हाळी सुटी लागायला पंधराएक दिवस होते. मी त्याला आणि त्या फडावरच्या हिशेबी मुलाला एकत्र बसवलं. खोट्या नोटा केल्या, सहा शंभराच्या, एक दहाची, दोन एकाच्या. म्हटलं, सहा माणसांत वाटा. फडावरच्यानं प्रत्येकाला शंभरची एक एक दिली, दहाची मोडून सुटे केले, बारा रुपये उरले ते दोन दोन वाटले. १०२. मग दुसऱ्याच्या वहीतल्या १२ कडं बघून म्हणाला, "बारा बारा दिले तर बाकीचे मुकादमानं खाल्ले म्हणायचे." तो मोत्यासारख्या अक्षराचा मुलगा तीन वर्षांत पहिल्यांदा वर्गात मोठ्यानं हसला. त्या पंधरा दिवसांत त्याचं शून्य जाग्यावर आलं, आणि फडावरच्याला मांडणी आली. दोघांनी एकमेकांना शिकवलं, मी नुसती बसून होते. पण तोवर माहिती भरून गेली होती आणि जुलैत मला ४५ टक्क्यांसाठी उभं केलं गेलं.

साहेबांनी नावं ऐकली असती तर पाच मिनिटांत त्यांना कळलं असतं की तिघांसाठी फडाजवळ शाळेची सोय लागते, एकीला मराठी संख्यावाचन लागतं, एकाला विशेष शिक्षक आठवड्याला हवेत, आणि एकाच्या बाबतीत या बाईची चूक झाली आहे, हिला सांगा की वह्या नीट तपास. ४५ या आकड्यात यातलं काहीच नाही.

आणि ४५ तरी एवढे लाजिरवाणे होते का? त्याच वर्षी 'असर' नावाची, लेकरांना वाचन-गणित किती येतं ते बघणारी देशभरची पाहणी झाली, तीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या लेकरांपैकी ४४ टक्क्यांनाच हा भागाकार येत होता. त्यात खाजगी शाळांची लेकरंही आली. ती पाहणी साडेपाच लाख लेकरांची होती, तिथं टक्केवारीला अर्थ आहे. अकरा जणांच्या वर्गात नाही.

आता तुमच्या मुलीचं.

शाळेत जा. मुख्याध्यापकांना निकाल किती टक्के हे विचारूच नका. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्राचे पदवीधर शिक्षक आहेत का, की पद रिकामं आहे, हे विचारा. कायद्यानं तिन्ही पाहिजेत. आम्ही दोघंच होतो, तिसरं पद चार वर्षं रिकामं, त्यामुळं इतिहास-भूगोल आलटून पालटून आम्हीच घ्यायचो आणि तो कच्चा राहिला, हे मान्य करते. मग शिक्षकांना एवढंच विचारा की मागच्या वर्षी आठवीतून गेलेली लेकरं आता कुठं आहेत. जे शिक्षक एकेकाचं सांगू लागतील, ही अमुक वसतिगृहात आहे, हा नववीत नापास झाला, हिचं लग्न लावलं, आम्ही थांबवू शकलो नाही, तिथं मुलीला डोळे झाकून ठेवा. जे आकडा सांगतील त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

हजेरीपत्रकही बघायला मागा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वर्ग किती रिकामा होतो ते त्यात दिसतं. तुमची मुलगी गावातच राहणार असेल तर त्या काळात तिला शिक्षक जवळजवळ एकटीला मिळतात. मात्र मैत्रिणी कमी होतात. ते सोपं नसतं, आमच्या एका मुलीनं जानेवारीत मला सांगितलं होतं, "मॅडम, कवायतीत माझ्या रांगेत मी एकटीच असते."

लहान शाळेवर आणखी एक टांगती तलवार असते. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की पालक लेकरं काढतात, मग पट आणखी घसरतो. तुमच्यासारख्यांनी एक मुलगी काढली की शिक्षक जायचा धोका उरलेल्या २९ जणांना असतो. हे मी तुमच्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. पण गावात कुणी ही गोष्ट बोलत नाही, म्हणून लिहिलं.

तालुक्याला घालायची असेलच तर इंग्रजीच्या नावाखाली बिनपदवीच्या शिक्षकांकडं घालू नका. अनुदानित मराठी शाळा बघा, सेमी असेल तर आणखी बरं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीची वेळ शाळेच्या वेळेला धरून आहे का ते आधी बघा. संध्याकाळची गाडी चुकली की पुढची अंधारात येते, आणि दोनदा असं झालं की मुलीची शाळा घरचेच बंद करतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गणिताचं पद रिकामं असेल आणि वर्षभर भरलं गेलं नसेल, तर मात्र मी वर लिहिलेलं सगळं सोडून द्या आणि मुलीला हलवा. सहावी-सातवीचं गणित हुकलं की नववीत ते भरून काढायला फार जड जातं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझी स्वतःची मुलगी तालुक्याच्या अनुदानित शाळेत शिकली. आम्ही राहायलाच तालुक्याला होतो हे खरं कारण, पण गावात राहत असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला आज छातीठोकपणे देता येत नाही. माझ्या बोलण्याचं वजन त्या हिशेबानं धरा.

एक शेवटचं, जे पालकांना फार उशिरा कळतं. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती फक्त सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या लेकरांना देता येते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलंत तर हा रस्ता बंद. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, थेट खात्यात. त्या ४५ टक्केवाल्या वर्गातली, भागाकार आलेल्या पाचांपैकी तांड्यावरची एक मुलगी त्यात निवडली गेली. परीक्षा डिसेंबरात, म्हणजे ऐन तोडणीत. दोन वर्षांच्या भावाला सांभाळायला म्हणून तिला नेणार होते. तिची आजी तीन दिवस रोज शाळेत येऊन बसायची, माझ्याशी काहीच न बोलता. चौथ्या दिवशी म्हणाली, "याडीला मी सांगते तिच्या. पोरगी राहू द्या." याडी म्हणजे आई. परीक्षेला मीच तिला एसटीनं घेऊन गेले, दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, दीड-दीड तास. चार वर्षांत तिला ४८,००० मिळाले.

उत्पन्नाची मर्यादा आता साडेतीन लाखांची आहे. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. म्हणजे तयारी सातवीतच धरावी लागते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघायला वेळ जातो आणि मुलीच्या नावाचं बँक खातं आधारवरच्या नावाशी जुळत नसेल तर पैसे अडकतात. आमच्या पोरीचे पहिल्या वर्षाचे असेच सात महिने अडकले होते, आडनावात एक अक्षर चुकलं होतं म्हणून. ते सहावीतच तपासून घ्या.